वाईनचं तीर्थ

आता हसणार असाल तर आधीच हसून घ्या. मध्येच हसलात तर पुढचं सांगायचं धैर्य मला होणार नाही.

मी नुकतीच इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि कसबा बावड्याजवळच्या एका कारखान्यात लागले होते. सहा महिने कच्ची नोकरी. पक्की करायची की नाही, ते आमचे मालक आबा ठरवणार. नेमकं तेव्हाच इटलीचं गिऱ्हाईक आलं, पंपाचे सुटे भाग बघायला!

"मॅडम, दुपारच्या जेवणाला वाईन तुम्ही निवडायची," आबांनी फर्मावलं.

"मी? आबा, मला उसाच्या रसानंसुद्धा गरगरतं!"

"इंग्रजी शिकलाय न्हवं? मग यायलाच पायजे की!"

नोकरीचा प्रश्न! एका मासिकातलं पान वहीत उतरवून मी पाठच केलं. हलकी, तुरट, गोडसर, भारदस्त. शिवाय पिणाऱ्याचा मूड बघायचा म्हणे! हॉटेलच्या मॅनेजरना मी दबकत विचारलं, "प्रसन्न मूडसाठी कुठली?"

"मॅडम, हितं मूड बघून कोण पीत न्हाई. पिल्यावर येतोय की मूड!"

शेवटी मीच डोकं चालवलं. तांबड्या रश्श्याबरोबर लाल, पांढऱ्याबरोबर पांढरी. आहे की नाही शास्त्र?

टेबलाशी पाहुणे, आबा, दोन इंजिनिअर आणि मी. "तुरट, भारदस्त, उत्साही मूड..." मी मनात घोकत होते. एवढ्यात वेटर मागून खांद्याशी वाकला. "मॅडम, टेस्ट?"

मी दचकले! मला कुणी मागून हाक मारली तरी मी गडबडून जाते. आणि निवडणाऱ्यानं आधी घोटभर चाखायची असते, हे त्या पानावर होतं का? नव्हतं! मला फक्त तिरकी होणारी बाटली दिसली आणि माझा उजवा हात आपोआप पुढे गेला. खाली डावा. तळव्याची वाटी. तिच्यात वाईन पडली. मी डोळे मिटून ती प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

हो. देवळात फिरवतात तस्सा.

पाहुणे पुढे वाकले आणि इंग्रजीत अगदी आदरानं म्हणाले, "इथं अशी चाखतात?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोच आबा गरजले, "येस, येस! ओल्ड कोल्हापूर सिस्टीम!" आणि माझ्या कानाशी, "आता मागं फिरायचं न्हाई मॅडम, ऑर्डर हाय."

पाहुण्यांनी बाही सरसावून हात पुढे केला. मग आबांनी. मग बिचाऱ्या इंजिनिअरांनी. वेटरही कोल्हापूरचाच! आतून पळी घेऊन आला आणि ओळीनं वाढत सुटला. पांढरी बाटली येईपर्यंत तर पाहुणेच आबांना दटावत होते, "डावा हात खाली, खाली!"

ऑर्डर मिळाली. मी पक्की झाले.

दोन महिन्यांनी इटलीहून फॅक्स आला. "आमच्या घरी आता सगळे असंच चाखतात. आईचा एकच प्रश्न आहे. नंतर केस चिकट होतात, त्याला तुमच्याकडे काय करतात?"

आबांनी त्यावर लाल पेनानं लिहिलं होतं, "मॅडम, उत्तर द्या."

आज सगळं कबूल करायचंच, असं ठरवून मी दिवसभर टाइपरायटरसमोर बसले. संध्याकाळी एकदाचं टाइप केलं, "शिकेकाई. पाकीट वेगळं पाठवत आहे."