ट्रक थांबले, आणि निखिल मावशीकडे गेला

नव्वदच्या दशकातली होळी, लखनऊ... धाकटी बहीण सुधा कोकणातून आली होती, तिची मिनी घेऊन. आमच्या यांची नोकरी अमौसीला विमानतळावर, आणि घर कानपूर रोडला अगदी लागून.

दारावरून दिवसभर ट्रक. गुझिया, म्हणजे तिकडच्या करंज्या, झाकून ठेवल्या नाहीत तर काजळी बसायची. माझा सहा वर्षांचा निखिल मफलर गुंडाळून वाफ घेत बसलेला, आणि मिनी गच्चीवर रंग उडवत पळत होती. माझ्या पोटात दुखलंच.

कारण आदल्या वर्षापर्यंत मिनीलाही असाच दमा होता. सुधाच्या दारावरूनही सिमेंट कारखान्याचे ट्रक जायचे. मग कारखान्याने खाडीवर जेटी बांधली, माल बोटीने जायला लागला आणि पोरीची धाप कमी झाली. बोटीलाही धूर असतो, पण तो दारात नसतो, असं सुधा म्हणाली. हिच्या वाट्याला समुद्र, माझ्या वाट्याला कानपूर रोड... गोमतीतून सिमेंट कोण नेणार?

"ताई, सुट्टीत याला पाठव माझ्याकडे."

निखिल लगेच, "मौसी, अभी चलूँ?"

गेला. दर रविवारी मी एसटीडी बूथवर. आधी दोन शब्द बोलून धापेने थांबणारा मुलगा मे महिन्यात खाडी, खेकडे, मिनी असं सगळं न थांबता सांगत होता, आणि तेही मराठीत! घरी मी मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर द्यायचा. आनंद झाला... पण खरं सांगते, जळलेच जास्त.

जूनमध्ये सुधा म्हणाली, "इथल्या शाळेत घालू का गं? डॉक्टरही राहू दे म्हणतात." मी हो म्हटलं आणि बूथबाहेर येऊन रडले. आमची बदली होईपर्यंत तो तिथेच राहिला. तो तिला आई म्हणायला लागेल, ही एकच धास्ती होती मला. कुणाला बोलले नाही.

परवा मिनी घरी आली होती. बोलता बोलता म्हणाली, एकदा जेवताना तिचं ऐकून निखिल सुधाला "आई, भात वाढ ना" म्हणाला होता. सुधाने वाढता हात थांबवला.

"आई लखनऊला आहे तुझी. मी मावशी. परत नीट माग."

त्याने नीट मागितला, मगच भात मिळाला.

मी इतकी वर्षं तिच्यावर जळत होते... आणि ती माझी जागा राखून बसली होती. सुधे, तुझे उपकार फिटायचे नाहीत गं.