बूम, बँग आणि बहर

इंग्रजीच्या मास्तरानं किस्से सांगायला बसूच नये. संपत न्हाईत! गणिताच्या मास्तराकडं उत्तर चुकलं की विषय मिटला. आमच्याकडं चुकलेल्या उत्तराला पाय फुटतात आणि ते गावभर हिंडून परत स्टाफरूममधी येऊन बसतं.

जालना नुकताच जिल्हा झाल्ता, तेव्हा मी घनसावंगीकडच्या एका खेड्यात हायस्कूलला लागलो. नोकरी सगळी तिथंच गेली. इंग्रजीत मोठ्या आवाजाचे शब्द आणि भरभराटीचे शब्द बऱ्याचदा एकच असतात. ह्या शब्दांनी माझा जेवढा छळ केला, तेवढा हेडसरांनीबी केला न्हाई.

*

पहिल्याच वर्षी फळ्यावर 'बूम' लिहिलं. खाली दोन अर्थ दिले. एक, मोठा दणका. दोन, भरभराट.

मागच्या बाकावरून उत्तम नावाचं पोरगं उठलं. "सर, दोन्हीतला बराबर कोन्ता?"

"दोन्ही बराबर."

"असं कसं सर? दणका बसल्यावर कुनाची भरभराट झाल्याली आमी तर बघितली न्हाई!"

वर्ग हसला. मीपण हसलो. तरी हट्टानं सहामाही परीक्षेत भाषांतराला वाक्य टाकलं, 'देअर वॉज अ बूम इन द कॉटन मार्केट.'

अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर. 'कापसाच्या मार्केटात बाँब फुटला.'

उत्तमनं आपल्या मनानं पुढं जोडलं होतं, 'सुदैवाने जीवितहानी नाही.'

*

एकदा तपासणीला साहेब आले. पोरांना विचारलं, "व्हॉट डज अ लायन डू?"

"रोअर्स सर!" पोरं एका सुरात ओरडली. माझी छाती फुगली.

साहेब खूश झाले आणि तिथंच घोटाळा झाला. त्यांनी पुढं विचारलं, "मग रोअरिंग बिझनेस म्हणजे काय?"

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी साहेबांच्या पाठीमागं उभा होतो. दोन्ही हात वर नेत, पसरत, जोरात चाललेला धंदा दाखवायला लागलो. चांगला घाम फुटेपर्यंत दाखवला.

एका पोराचा चेहरा उजळला. "सिंह पाळायचा धंदा, सर!"

जाताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. "पोरांचं ठीक आहे हो. पण तुम्ही मागं उभं राहून आयाळ कशाला दाखवत होता?"

*

आमच्या संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब. गडी मोठ्या मनाचा, शिक्षण सातवी. स्नेहसंमेलनाला जालन्याहून मोठे पाहुणे येणार होते. बापूसाहेबांनी मला बोलावलं. "सर, भाषणात टाकायला एकच वाक्य द्या विंग्रजीतून. पन दणकेबाज पायजे!"

मी दिलं, 'अवर स्कूल इज फ्लरिशिंग.' म्हणजे आमची शाळा भरभराटीला येऊन राह्यली. पाठ करून घेतलं. घरी म्हणताना बिलकुल चुकले न्हाईत.

स्टेजवर माईक हातात आला आणि बापूसाहेब गरजले, "अवर स्कूल इज फ्लोरिंग!"

पाहुण्यांनी खाली बघितलं. शेणानं सारवलेली जमीन, तिलाबी खड्डे. त्यांना गहिवरून आलं. उठून म्हणाले, "फरशीचं काम झालंच म्हणून समजा!"

टाळ्याच टाळ्या! बापूसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा सर, विंग्रजीचा पावर!"

मी रिटायर झालो तेव्हाबी पोरी शनिवारी वर्ग सारवतच होत्या.

*

कावेरी नववीला होती. घर पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारं, आता शेतीला लागलेलं. शिकवलेला शब्द घरी घेऊन जाणारी माझ्या नोकरीतली ती एकच पोरगी. 'थ्राइव्ह' शिकवला, म्हणजे जोमानं वाढणं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाच्या दारातच म्हणाली, "सर, आमचं आजारी कोकरू आता थ्राइव्ह करून राह्यलंय!"

मला इतका आनंद झाला, की आठवडी बाजारात तिचे वडील रंगनाथराव दिसले तेव्हा मी मोठ्यानं हाक मारली. "रंगनाथराव, तुमची पोरगी बहरून राह्यली! अशी पोरगी आपल्या शाळेत झाली न्हाई!" ते लाजले. मला चहा पाजला.

दिवाळीनंतर तिची जागा रिकामी. दोन-चार दिवस वाट बघितली, मंग घरी गेलो. टेंभुर्णीकडचं स्थळ ठरलं होतं.

"अहो, लहान हाय ती. दहावी तरी होऊ द्या," मी म्हणालो. "मी फुकट शिकवतो, पुस्तकं देतो."

रंगनाथरावांनी माझ्यापुढं हात जोडले. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. "सर, तुमीच म्हनले ना, पोरगी बहरून राह्यली म्हून? मंग बहरलेली पोरगी घरात ठिवून आमाला झोप लागंल का?"

कावेरीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मान वर केली न्हाई.

मी पाणी पिऊन उठलो.

*

तिच्या लग्नाच्या दिवशी शाळेला सुट्टी नव्हती. तिच्याच वर्गावर माझा तास होता. धड्यात आवाजाचे शब्द होते. बँग, क्रॅश, रॅटल, बूम. मी विचारत होतो, पोरं खिडकीबाहेर बघत होती. माझंबी लक्ष न्हवतं.

तेवढ्यात नवरदेव मारुतीला निघाला. मिरवणूक शाळेवरूनच जाणार होती. बँड जवळ आला आणि पहिला फटाका वाजला.

"बँग!" कोणतरी ओरडलं.

ताशा कडकडला. "रॅटल!"

झांज आदळली. "क्रॅश!"

मंग सुतळी बाँब फुटला. वरचे पत्रे हादरले आणि सगळा वर्ग उभा राहून ओरडला, "बूम!"

एक शब्द चुकला न्हाई. उच्चार चुकला न्हाई. कधी तोंड न उघडणारी पोरंबी गळा काढून ओरडत होती. खिडकीतून घोड्यावरचा नवरदेव दिसला. चांगला मिशा आलेला बाप्या. दुसऱ्या बाकावर कावेरीच्या शेजारणीनं अजूनबी जागा सोडून दप्तर ठेवलं होतं, आणि तीबी टाळ्या वाजवून ओरडत होती, "बूम! बूम!"

मी खडू हातात धरून उभा.

आवाज ऐकून हेडसर व्हरांड्यातून लगबगीनं आले. दारात थांबून त्यांनी सगळा वर्ग बघितला. तोंडभर हसले. बाँबच्या आवाजात मला ऐकू जावं म्हणून कानाशी येऊन ओरडले,

"वा सर! असा तास रोज झाला पाहिजे!"