आतली कडी

नागापूरला भाड्याने खोली मिळाल्याचं मी घरी सांगितलं, तेव्हा आईने गॅस बंद केला. चपाती तव्यावर अर्धी कच्ची तशीच राहिली.

"एकटी राहनार तू?"

तोवर मी संगमनेरजवळच्या आमच्या गावातूनच नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं काम करायचे, कॉम्प्युटरवर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायचं. आता मालकांनी तिथेच बोलावलं होतं. मलाही जायचं होतं. भीती वाटत होती, तरी जायचं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला ऑटिझम आहे असं सांगितलं, तेव्हा माझी तिशी उलटून गेली होती. आई त्याला माझा स्वभावच म्हणायची. पण निघताना तिने मला बाजूला घेतलं. "खोलीवाल्या बाईला त्यातलं काई सांगू नको. खोली देनार न्हाई ती."

मी सांगितलं नाही.

वडिलांनी टेम्पोतून सामान आणून दिलं, कडी दोनदा लावून पाहिली आणि म्हणाले, "कोनी दार वाजवलं तर आधी इचार, कोन हाय. मग उघड." टेम्पो कोपऱ्यावर वळला आणि मी आत येऊन भिंतीला पाठ लावून खाली बसले. घर बदललं की आवाज बदलतात, हे मला माहीत होतं. पण इतके? शेजारच्या वर्कशॉपमधलं ग्राइंडर, कुणाचा तरी कुकर, जिन्यावरची चप्पल. प्रत्येक आवाज आपल्याच दाराशी येतोय असं वाटायचं. पहिले काही दिवस मी कामावरून आले की कडी लावायचे आणि कानाला हेडफोन लावून दाराकडे बघत जेवायचे.

खाली घरमालकीण राहायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्याच. सगळे त्यांना बाई म्हणायचे. माझ्याशी त्या फारसं बोलल्या नव्हत्या.

एका रविवारी सकाळी बाई चर्चला गेल्या होत्या. मी मोरीतला नळ सोडून पाहिला, पाणी नव्हतं. तेवढ्यात समोरच्या मैदानात लग्नाचा डीजे सुरू झाला. मी नळाचं विसरले, हेडफोन घातले आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन पडले.

किती वेळ गेला कोण जाणे. पांघरूण बाजूला सारलं तर दार हादरताना दिसलं. हेडफोन काढले, डीजे थांबला होता. बाहेर पुरुषांचे आवाज. दारावर मुठी आपटत होत्या.

"ए, दार उघडा! आत कोण आहे?"

मी उठले तर पाय पाण्यात पडला. मोरीची जाळी तुंबून पाणी खोलीभर झालं होतं, दाराखालून जिन्यावर चाललं होतं. मी धावत जाऊन नळ बंद केला. आता फक्त सांगायचं होतं की मी आहे, नळ बंद केलाय. पण घाबरले की माझं बोलणं बंद होतं. शब्द डोक्यात ओळीने उभे असतात, तोंडातून एकही निघत नाही.

"उत्तरच देत नाही. काहीतरी करून घेतलं असेल पोरीने," एक जण म्हणाला.

"दार तोडू या. पहार आणा."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. एक हात मागे कडीवर होता. उघडलं तर ती सगळी माणसं आत येतील, आणि नाही उघडलं तरी येतील.

मग जिन्यावरून बाईंचा आवाज आला. "थांबा. आधी बाजूला व्हा सगळे." त्या दाराशी आल्या असाव्यात, कारण आवाज अगदी जवळून, हळू आला. "बाळ, मी आहे. ऐकू येतंय का तुला? बोलता येत नसेल तर दार वाजव."

मी बोटाने टकटक केली.



"बरं. लागलंय कुठे? लागलं असेल तर एकदा वाजव, नसेल तर दोनदा."

मी दोनदा वाजवलं.

"या लोकांना घालवून देऊ का?"

मी एकदा वाजवलं, इतक्या जोरात की बोटाचं हाड दुखलं.

बाईंनी सगळ्यांना खाली पिटाळलं. "काही झालेलं नाही. जा घरी." बऱ्याच वेळाने मी कडी काढली. बाहेर त्या एकट्याच होत्या, चर्चच्या पांढऱ्या साडीत, हातात खराटा घेऊन. काही न विचारता त्यांनी पाणी लोटायला सुरुवात केली. मीही फडकं घेतलं.

फरशी कोरडी झाल्यावर मी मोबाईलवर सगळं टाईप करून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

आता आवाज थोडा फुटला होता. "आई म्हणाली, तुम्ही खोली देणार नाही."

बाईंनी चष्मा काढला. "खरं सांगू? नसतीच दिली कदाचित." मग खराटा भिंतीला टेकवून म्हणाल्या, "आता दिली आहे. यापुढे वर यायच्या आधी मी मेसेज करीन. आणि नळ बघत जा."

संध्याकाळी मी घरी फोन केला. सगळं ऐकून वडील म्हणाले, "उद्या टेम्पो घिऊन येतो."

"नको."

"भीती वाटती ना?"

"हो. खूप."

"मग?"

मी म्हटलं, "तुम्ही या. पण टेम्पो नको, एसटीने या. आणि येताना आईलाही आणा."