चार पिंपांचा तराफा

रस्त्यावर उकळत्या डांबराचा वास आला, की गावापासून इतक्या लांबही मला आमचा तराफा आठवतो. मांजरा नदीच्या अलीकडच्या आमच्या लोहारानं आणि पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या सुतारानं मिळून चार पिंपं बांबूंना बांधली, भोकं डांबरानं बुजवली, दोन्ही काठांना दोर ताणला, आणि मी पलीकडच्या मराठी शाळेत सातवीला जाऊ लागले. मग आमच्याकडचा एक साहेब आला. “दुसऱ्या राज्यात जायची परवानगी कुणी दिली?” “नदीनं दिली की साहेब,” लोहारअण्णा म्हणाले, “पूल तुम्ही कवा बांधायलाव?” साहेबानं तिथल्या तिथं दोर तोडायला लावला. तराफा वाहून गेला, माझी शाळा सुटली ती सुटलीच. आता साधा फॉर्म निम्म्यापर्यंतच भरता येतो. सातवीत जेवढं लिहायला शिकले, ते त्या लोहार-सुताराचे उपकार. पुढं अडलं, की त्या साहेबाला अजून शिव्या घालते.