शेवटच्या खाटेपर्यंत ऑक्सिजन

“दोघांनाही कोविड न्यूमोनिया आहे. म्हणजे फुप्फुसांना सूज आलीये. दोघांनाही ऑक्सिजन लागेल,” डॉक्टर म्हणाले. माझ्या बायकोने, मंदाने, माझ्याकडे असं पाहिलं की जणू आजार मीच पिशवीतून आणला होता. दुसऱ्या लाटेत घरोघरी तेच चाललं होतं.

गंगापूर रोडच्या खासगी दवाखान्यांत जागा नव्हती. मग सरकारी कंट्रोल रूमला फोन केला. तिथल्या बाईंनी ओळखपाळख विचारली नाही, सॅच्युरेशन विचारलं. सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण. बोटाला चिमटा लावला की कळतं. ज्याचं कमी, त्याला खाट आधी. मी पाटबंधारे खात्यात उभी हयात घालवलेला माणूस. वशिल्याशिवाय सरकारी काम होताना पाहून मला तापातही नवल वाटलं.

सरकारी रुग्णालयात मी पुरुषांच्या वॉर्डात, मंदा त्याच मजल्यावर पलीकडे बायकांच्या वॉर्डात. खाटेमागे भिंतीवर फ्लोमीटर होता. काचेची नळी, आत छोटी गोळी. ऑक्सिजन जास्त सोडला की गोळी वर चढते. पडल्या पडल्या मी ती गोळीच बघत असायचो.

एक सिस्टर दिवसभर तेवढंच काम करायच्या. कोणी जेवायला मास्क काढला की त्याचा ऑक्सिजन बंद. कोणाला बरं वाटू लागलं की गोळी जराशी खाली.

“वरून आदेश आलाय, काका,” त्या म्हणाल्या. “ऑक्सिजन नर्स म्हणून माझी नेमणूकच केलीये. टँकर लगेच वाढत नाहीत, पण वाया जातंय ते तरी थांबवता येतं.”

इतकी साधी गोष्ट कोणत्या साहेबाला सुचली असेल, याचं मला मोठं कुतूहल.

माझं सॅच्युरेशन चौऱ्याण्णवच्या आसपास असायचं. तेवढं पुरे, असं डॉक्टर सांगत. पण मंदाचा भाऊ रामदास, घोटीचा तांदळाचा व्यापारी, त्याला ते पटेना. पीपीई किट चढवून तो मला जेवण द्यायला यायचा. बायकांच्या वॉर्डात त्याला सोडत नसत, त्यामुळे बहिणीच्या वाटची काळजीही माझ्यावरच. सिस्टरांची पाठ वळली की हा फ्लोमीटरचा नॉब फिरवून गोळी वर चढवायचा.

“दाजी, गोळी लय खाली हाय. नव्व्याण्णव तरी पाहिजे. कोणाला सांगू नका.”

बाकीच्या खाटांवरही तेच. दहावीचा निकाल असल्यासारखे सगळे नव्व्याण्णवच्या मागे.

एका दुपारी मंदाचा फोन आला. तिला वाक्य पुरं करता येईना. “मास्कमध्ये... काही येतच नाही हो.” मी सिस्टरांना हाक मारली, त्या डॉक्टरांना घेऊन आल्या.

“पाइप एकच आहे,” डॉक्टर म्हणाले. “आधी तुमचा वॉर्ड, मग त्यांचा. इथे सगळ्यांनी वाढवलं की तिकडे दाब कमी होतो.”

मला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांनी दारं उचलली की शेवटाकडची शेतं कोरडी राहतात. ती भांडणं मिटवण्यातच माझी सारी नोकरी सरली होती.

“रामदास,” मी म्हटलं, “तू मला जास्तीचा देतोस ना, तो मंदाचा आहे.”

मग त्याने सिस्टरांनाच माझा नॉब खाली घ्यायला लावला. गोळी उतरली तेव्हा मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? आकडा चौऱ्याण्णववर टिकला. तोवर रामदास सिस्टरांबरोबर खाटेखाटेला हात जोडत निघाला होता.

“पलीकडं माझी बहीण हाय. जरा खाली घ्या.”

“माझी आई हाय तिथं,” एका खाटेजवळचा नातेवाईक म्हणाला आणि सरळ नॉबपासून बाजूला झाला.

थोड्या वेळाने मंदाचा मेसेज आला: ‘आता येतंय.’ रामदास किटच्या आत रडत होता, आणि त्याला डोळेही पुसता येत नव्हते.

तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना विचारा, किती पुरेसं आहे? आणि तेवढ्यावर राहा. ऑक्सिजन नर्सची कल्पना कोणाची, ते मला अजून कळलेलं नाही. ज्याची असेल त्याचे उपकार मी विसरणार नाही.

हे लिहितोय तेव्हा मंदा आतल्या खोलीत दुपारची झोपली आहे. चांगली घोरतेय. पूर्वी मी दार लावून घ्यायचो. आता उघडं ठेवतो.