मामांची ताजी वीज

माझ्या मामेसासऱ्यांइतका विजेच्या बाबतीत स्वाभिमानी माणूस उभ्या सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. पलटणीत बिनतारी संदेशाच्या खात्यात नोकरी करून ते कुंडलला परतले, ते एक जुनी विलायती सायकल घेऊनच. तिच्या पुढच्या चाकाच्या मधोमध, हबमध्येच, चाक फिरलं की वीज देणारा डायनॅमो होता. त्याला वायर, डायोड आणि सेल ठेवायला साबणाची डबी जोडून मामांनी स्वतःपुरतं वीजमंडळच काढलं. टॉर्चचे, ट्रान्झिस्टरचे, मामींच्या कानाच्या यंत्राचे सेल ते सायकल चालवत चार्ज करत. "तारेतनं येती ती शिळी वीज, जावईबापू. ही बघा, ताजी!" म्हणत गरम भजं द्यावं तसा सेल माझ्या तळहातावर ठेवत. सेल फारच उतरले की कोथिंबिरीसाठीसुद्धा लांबचं तासगाव गाठत. एकदा कोथिंबीर विसरूनच परतले. "सेल भरलं न्हवं?" म्हणून मामींवरच डाफरले.

नव्वदच्या दशकातला एक रविवार. मी कुंडललाच होतो. शेजारचे बागायतदार धावत आले. "वैनी, चला! पोराचा फोन, पठाणकोटवरनं!" मामा-मामींच्या फौजेतल्या पोराची कित्येक दिवस खुशाली नव्हती. मामींनी घाईघाईनं यंत्र कानाला लावलं. यंत्र मुकं! त्यातले सेल मामांनी आदल्या दिवशी मॅचच्या कॉमेंट्रीसाठी ट्रान्झिस्टरला लावून संपवले होते.

"मॅच लांबली," मामा पुटपुटले. मामींना ते ऐकू आलं नाही, हे मामांचं नशीब.

पण माणूस फौजी. शेजाऱ्यांचा फोन कॉर्डलेस, तो अंगणापर्यंत यायचा. मामांनी मामींना खुणेनंच कॅरियरवर बसवलं, डबीची वायर थेट यंत्राला जोडली आणि पायडलवर पाय ठेवत मला ओरडून सांगितलं, "चाक फिरतंय तवर ऐकू येतंय. ढकला!" मग शेजाऱ्यांच्या अंगणात सायकलच्या फेऱ्या सुरू झाल्या. कोंबड्या फडफडत पळाल्या. मी मागून कॅरियर धरून धावत होतो. यंत्राला फोन टेकवून मामी ओरडत होत्या, "बाळा, जेवतोस का रं नीट?" वळणावर वेग मंदावला की आवाज बुडायचा. "आवं, जोरात हाना की!" त्या मामांवर खेकसल्या. तिकडे पठाणकोटला पोराला वाटलं, आपल्यालाच सांगतेय. तो बिचारा एवढ्या जोरात ओरडला, की मलाही ऐकू आलं, "आई, मी बरा हाय!"

फोन संपला. मी दम खात भिंतीला टेकलो. मामी मात्र उतरेनात.

"मारा आनि एक फेरी," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी बी बोला कायतरी."

मामांनी पुन्हा पायडल मारलं. अंगणाला वळसा घालत ते वेग घेत गेले. मग त्यांचा आवाज आला, "पडशील. धर मला."

मामींनी धरलं.