गांगुलपाऱ्याचा पक्षी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुत्र्यांची भीती वाटते, उंचीची वाटते, पाण्याची वाटते. बालाघाटच्या कोर्टात तीस वर्षं मी नकला काढून देणाऱ्या टेबलावर बसलो, आणि नवे साहेब बदलून आले की पहिला आठवडा माझं पोट बिघडलेलं असायचं. बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा दाराला कडी लावली का ते विचारता. विचारतो. कोणीतरी विचारायला हवं.

माझी माय माझ्या अगदी उलट. अठ्ठ्याहत्तरीची आहे, वजन जेमतेम चाळीस किलो, पण तिला मी कधी घाबरलेली पाहिली नव्हती. माहेर परसवाड्याकडचं, जंगलाच्या काठावरचं. लहानपणी ती बायांबरोबर तेंदूपत्ता तोडायला जायची. घरात साप निघाला तर आम्ही पलंगावर चढायचो आणि ती झाडू शोधायची.

गेल्या दिवाळीनंतर माझी भाची पुण्याहून आली. मोठ्या कंपनीत आहे, आजीवर जीव आहे तिचा. बायको तेव्हा गोंदियाला भावाकडे गेलेली, त्यामुळे पाहुणचार माझ्याच गळ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने चहा पिता पिता फोन पुढे केला. बालाघाटला काय पाहावं, काय करावं, याची यादीच होती त्यात.

"मामा, यात लिहिलंय, डोंगरांच्या कुशीतलं शांत शहर."

"शांत म्हणजे काय, इथे कोणाला घाई नाही," मी म्हणालो. "पाहण्यासारखं काही असतं तर मला एवढ्या वर्षांत दिसलं नसतं का?"

तिने ऐकलं नाही. तासाभराने आम्ही वैनगंगेच्या घाटावर होतो. मी जिथे फक्त अस्थी घेऊन गेलो होतो, तिथे तिने पाण्यात बसलेल्या म्हशीचे वीस फोटो काढले. मग बाजारात चिन्नोर तांदूळ घ्यायचा होता, कारण तोही यादीत होता. दुकानदाराने मूठभर तांदूळ तिच्या हातावर ठेवला आणि तिने डोळे मिटून वास घेतला. मला जरा बरं वाटलं, हे कबूल करतो. आपलं कोणी कौतुकाने पाहिलं की आपणही पाहतो.

घरी परतलो, तर यादीत तिसरं नाव होतं गांगुलपारा. बैहर रोडवर टेकड्यांत तलाव आहे, पुढे धबधबा. तिथे मी साफ नाही म्हणालो. आठच दिवसांपूर्वी तिकडच्या एका टोल्यातून, म्हणजे वस्तीतून, बिबट्याने बकरी नेल्याचं मी ऐकलं होतं.

"बकरी नेली नं? तू काय बकरी हायेस?" माय आतून म्हणाली. "चल वं पोरी, आवळे आले असतीन आता तिकडे."

"माय, तू येऊ नको. गुडघा पाहा तुझा."

"तू राह्य घरी. तुले भेव लागते."

भाचीसमोर हे ऐकल्यावर माणूस घरी कसा राहील? जेवण करून आम्ही ओळखीच्या रिक्षावाल्याची रिक्षा केली. जाऊन-येऊन, तिथे थांबायचं, असं ठरवलं. रागाने मी पुढे त्याच्या शेजारी बसलो.

वाटेत जंगल सुरू झालं तशी माय खुलली. भाचीला हे झाड सागाचं, ते साजाचं, असं दाखवत होती. मग तेंदूपत्त्याच्या गोष्टी निघाल्या.

"आम्ही पंधरा-वीस बाया राहो. पण जंगलात कोणाले नाव घेऊन नाही बोलवाचं. वाघानं ज्याले नेलं, तो मंग आपल्या माणसाईले बोलावते. त्याचाच आवाज, अगदी तसाच. नाव घेऊनच बोलावते, दुसरं त्याले काही येत नाही. ओ देल्ली की गेला माणूस."

"मग आजी, एकमेकींना बोलवायच्या कशा?"

"माय, पोरीला भलतंसलतं सांगू नको," मी मागे वळून म्हणालो. "रात्री झोपायची नाही ती." भाची झोपली असती. झोपलो नसतो मी. माय बाहेर पाहत बसली.

धबधब्याच्या वाटेवर रिक्षा थांबली तेव्हा तीन-सव्वातीन झाले असतील. आणखी दोन-तीन कुटुंबं आली होती, पोरांचा आरडाओरडा चालला होता. मायला मी एका झाडाखाली दगडावर बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि हलू नको म्हणून बजावलं. "हौ बाप्पा, जा," ती म्हणाली. आम्ही वर गेलो.

धबधब्याला पाणी होतं, कडेला शेवाळ होतं, आणि भाची त्या शेवाळाच्या दिशेने मागे मागे सरकत स्वतःचे फोटो काढत होती. माझा सगळा जीव तिच्या चपलांत अडकला होता. तेवढ्यात खाली उजवीकडच्या घळीतून आवाज आला. कूऽऽ. एक लांब, मग शांतता. मग पुन्हा एक लांब.

"मामा, हा कुठला पक्षी?"

मला पक्ष्यांतलं काही कळत नाही. पण सकाळपासून तिच्या फोनला माझ्यापेक्षा माझ्या गावाची जास्त माहिती होती. "भारद्वाज," मी ठोकून दिलं.

"किती गोड आहे!" ती म्हणाली, आणि आम्ही बराच वेळ तिथे उभं राहून तो आवाज ऐकला. सात-आठ वेळा तरी आला.

खाली उतरलो तेव्हा दगडावर पाण्याची बाटली होती आणि माय नव्हती.

पहिल्यांदा मला फक्त राग आला. आवळे, दुसरं काय! आसपास पाहिलं. चहाच्या टपरीवर विचारलं. रिक्षावाल्याने हात हलवला, त्याने पाहिलंच नव्हतं. मग मी जंगलाकडे पाहिलं. झाडं सगळीकडे सारखीच दिसत होती आणि त्यांतल्या कुठल्याही दोन झाडांमधून ती गेलेली असू शकत होती. बिबट्या, ते चाळीस किलोचं शरीर, ती बकरी, हे सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढे आलं. नोव्हेंबरात सूर्य टेकडीमागे लवकर जातो. उजेड फार तर तासभर राहिला असता.

"माय! ए माय!" मी ओरडलो.

"आजीऽऽ!" भाची ओरडली.

घळीने आमचेच आवाज परत पाठवले. ते ऐकून मला आणखी भीती वाटली, कारण परत येताना माझा आवाज माझा वाटत नव्हता. आम्ही वाटेच्या दोन्ही बाजूंना थोडं थोडं आत जाऊन ओरडलो. मायकडे फोन नव्हता. तो घरी देवाजवळ ठेवलेला असतो.

रिक्षावाला म्हणाला, "साहब, माय-माय तो यहाँ सब बोलते हैं. नाम से बुलाइए. नाम सुनके आदमी पलटता है."

आईचं नाव मी कागदांवर लिहिलं आहे. रेशन कार्डावर, बँकेत. तोंडातून कधी काढलं नव्हतं. त्या दिवशी घळीकडे तोंड करून मी ते नाव ओरडलो. एकदा, दोनदा, मग बेभान होऊन कितीतरी वेळा. सहलीला आलेली माणसं थांबून बघत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला त्याची लाज वाटली नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, सकाळी मी तिला घरी राहा म्हणालो होतो, ऐकलं नाही. आणि लगेच म्हणत होतो, ती नुसती सापडू दे, मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

कुठूनही उत्तर आलं नाही. पानांचासुद्धा आवाज नव्हता. भाचीने माझा दंड घट्ट धरला.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तो पक्षीसुद्धा गप्प झालाय. आपण ओरडायला लागल्यापासून."

मी तिच्याकडे पाहिलं. आधी काही सुचलं नाही. मग तो आवाज पुन्हा डोक्यात वाजला. एक लांब, मग थांबायचं. पक्षी असा थांबत नाही. उत्तराची वाट बघतं ते माणूस.

मला आमची गल्ली आठवली. मी पाचवी-सहावीत होतो. संध्याकाळी स्वयंपाक झाला की माय दारात उभी राहून तोंडाशी ओंजळ धरायची आणि कू द्यायची. एक लांब. मी जिथे असेन तिथून दोन छोट्या कू द्यायच्या, म्हणजे ऐकलं, येतो. जंगलातली तिची पद्धत होती ती, बायकांनी एकमेकींना बोलवायची. एक दिवस शाळेतल्या पोरांनी वर्गात माझ्याकडे पाहून कू, कू सुरू केलं. घरी येऊन मी थाळी सरकवली आणि तिला सांगितलं, पुन्हा असं जनावरासारखं ओरडलीस तर मी घरी येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून ती गल्लीच्या टोकापर्यंत चालत येऊन मला घेऊन जायला लागली. चाळीस वर्षांत त्या घरात कू झाली नव्हती. इतकी वर्षं, की आईचा आवाज मला भारद्वाज वाटला.

मी तोंडाशी ओंजळ धरली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा खोकला आला. रिक्षावाला माझ्याकडे असा बघत होता, जणू साहेबांचं डोकं फिरलंय. तिसऱ्यांदा निघाली. कूऽऽ.

मी मनात आकडे मोजत होतो. सहा, सात. आठपर्यंत काही नाही. मला वाटलं, उशीर झाला.

मग घळीच्या तळातून आलं. कू, कू. दोन, छोट्या, आणि फार बारीक.

मी, ज्याला जिना उतरताना कठडा लागतो, तो त्या घळीत बसून, घसरून, काटे धरून उतरलो. मागून रिक्षावाला "साहब, धीरे, साहब" करत येत होता. खाली कोरड्या नाल्यात एका मोठ्या दगडाला पाठ टेकून माय बसली होती. पदराच्या गाठीत आवळे होते. डावा पाय घोट्याशी सुजून दुप्पट झाला होता. दोन्ही हातांत तिने एक दगड धरला होता, आणि मी झुडपातून बाहेर आलो तेव्हा तो तिने माझ्यावर उगारला.

"माय, मी आहे!"

तिने दगड खाली केला नाही. तिचा चेहरा ओला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला घाबरलेली पाहत होतो, आणि मला कळेना की ती मला का घाबरते आहे. मग राग उसळला. भीती उतरली की मला नेहमी राग येतो.

"एवढ्या हाका मारल्या! घसा फुटला माझा! ऐकू येत नव्हत्या?"

"आल्या."

"मग ओ का दिली नाहीस?"

"मी दहा कू देल्या," ती म्हणाली. "एकीचं बी उत्तर नाही आलं. आन् मंग तुया आवाजात माह्यं नाव आलं. तू माह्यं नाव घेशीन का कधी? तो तू नोहता. मले समजलं."

"काय समजलं?"

"का तुले वाघानं नेलं."

मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हणजे मी वर जीव तोडून तिचं नाव ओरडत होतो, आणि ती इथे एकटी, पाय मोडून, मी मेलो म्हणून रडत बसली होती. जितक्या जोरात मी ओरडलो तितका तिला मी जास्त मेलेला वाटलो.

तिने दगड टाकला. मग माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरून पाहिली, मनगट दाबलं, कानाची पाळी ओढली, लहानपणी आंघोळ झाल्यावर ओढायची तशी. वरून भाची विचारत होती, सापडली का, मामा, सापडली का. रिक्षावाला वर ओरडला, मिल गई.

"अजून एक डाव दे," माय म्हणाली.

"काय?"

"कू."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. रिक्षावाला मागे उभा होता. मी ओंजळ धरली आणि दिली, माझ्या आईला, हातभर अंतरावरून. तिने डोळे मिटून नीट ऐकली. मग तिने दोन छोट्या कू दिल्या आणि उठवण्यासाठी हात पुढे केला.